घरची तबकडी : डीव्हीडी-लेखनाचा इतिहास

लग्नाच्या अल्बमाबरोबर मिळालेली एक चकचकीत डीव्हीडी महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांच्या कपाटांत आज पडून आहे. तिच्या शेजारीं बाजारांतून विकत आणलेली एखाद्या चित्रपटाची डीव्हीडीहि बहुधा असते. दोहोंचा व्यास बारा सेंटिमीटर, दोहोंची जाडी १.२ मिलिमीटर, मधलें छिद्र सारखें, आणि दोन्हीहि एकाच यंत्रांत चालतात. सामान्य मनुष्याला त्यांत भेद दिसत नाहीं. तथापि एक तबकडी टांकसाळींत पाडलेल्या नाण्यासारखी आहे व दुसरी हातानें लिहिलेल्या पोथीसारखी. नाणें पाडण्याचा अधिकार थोड्यांचा असतो. लेखणी हातीं आली कीं लिहिण्याचा अधिकार मात्र कोणालाहि मिळतो. ही लेखणी घराघरांत कशी आली, तिच्यावरून कोण भांडलें, कोणाला तिचें भय वाटलें, आणि तिनें लिहिलेलें किती काळ टिकतें, हा इतिहास अवघ्या तीस-पस्तीस वर्षांचा असला तरी त्यांत शिकण्यासारखें पुष्कळ आहे.

प्रकाशानें वाचावयाची तबकडी लोकांच्या घरीं मोठ्या प्रमाणावर आली ती संगीताच्या निमित्तानें. सोनी व फिलिप्स या कंपन्यांनीं मिळून सिद्ध केलेली सीडी १९८२ सालीं जपानांत विक्रीस आली. तिच्या पोटांत मध्यापासून कडेपर्यंत चकलीच्या वेढ्यासारखी एकच लांबलचक वाट असते. त्या वाटेवर सूक्ष्म खांचा असतात. लेसरचा किरण त्यांवरून फिरला म्हणजे कोठें खांच आहे व कोठें सपाटी आहे हें ओळखून यंत्र त्यांचें सुरांत रूपांतर करतें. या खांचा कारखान्यांत सांच्याच्या दाबानें उमटत. ग्राहकानें ऐकावें, लिहूं नये, अशीच ती व्यवस्था होती.

जपानच्या ताइयो युदेन कंपनीनें १९८८ सालीं या व्यवस्थेला नवें वळण दिलें. तिनें कोऱ्या तबकडीवर एका सेंद्रिय रंगाचा पातळ थर दिला. जोराचा लेसर-किरण त्यावर पडला कीं तेवढ्या ठिकाणचा रंग तापून पालटतो, आणि पुढें वाचणाऱ्या सौम्य किरणाला तेथें खांचच असल्याचा भास होतो. प्रत्यक्ष खांच न पाडतां खांचेचा आभास उत्पन्न करणें, हें या युक्तीचें मर्म होय. उष्णतेनें हें काम होतें म्हणून इंग्रजींत त्यास ‘बर्न’ करणें, म्हणजे जाळणें, असें नांव पडलें. आपल्याकडील दुकानदारांनीं ‘सीडी राइट करून देतों’ असा अधिक सौम्य शब्दप्रयोग रूढ केला. १९९० सालीं या पद्धतीचे नियम ठरले. १९९३ सालीं चलच्चित्रें सीडीवर बसविण्याचेहि नियम ठरले व व्हिडिओ सीडी निघाली. परंतु तिच्यावर सुमारें चौहात्तर मिनिटांचेंच चित्र मावे, आणि तें कॅसेटवरील चित्राहून फारसें सरस नसे. हिंदी चित्रपटाला दोन-तीन तबकड्या लागत, आणि ऐन रंगांत आलेल्या प्रसंगीं उठून तबकडी बदलावी लागे.

अधिक मोठ्या तबकडीची गरज सर्वांनाच भासूं लागली होती. १९९४ सालाच्या अखेरीस फिलिप्स व सोनी यांनीं आपला एक आराखडा जाहीर केला. १९९५ च्या जानेवारींत तोशिबा, टाइम वॉर्नर इत्यादींच्या गटानें दुसरा पुढें मांडला. कॅसेटांच्या बाबतींत सोनीची बीटामॅक्स व जेव्हीसीची व्हीएचएस यांच्या झगड्यांत ग्राहक पूर्वीं पोळलेला होता. या वेळीं संगणक बनविणाऱ्या कंपन्या मध्यें पडल्या. आयबीएम, ॲपल, मायक्रोसॉफ्ट आदींनीं दोन्ही पक्षांना बजावलें कीं, एकच तबकडी असेल तरच ती स्वीकारूं. १९९५ च्या सप्टेंबरांत समेट झाला. ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या पाठीला पाठ लावून चिकटविण्याची तोशिबा-गटाची युक्ति कायम राहिली, आणि खांचांची सांकेतिक लिपि फिलिप्सचे शास्त्रज्ञ कीस इमिंक यांची घेतली. ही लिपि अधिक भरंवशाची, पण थोडी अधिक जागा खाणारी होती. त्यामुळें तबकडीची क्षमता पांच गिगाबाइटांवरून ४.७ गिगाबाइटांवर आली. जगभर पुढें प्रसिद्ध झालेला ४.७ हा आंकडा अशा रीतीनें तडजोडींतून जन्मला. १ नोव्हेंबर १९९६ रोजीं पहिलीं यंत्रें जपानांत विक्रीस आलीं.

४.७ गिगाबाइट म्हणजे ४७० कोटी बाइट. आंकडा प्रचंड वाटतो. पण चित्राची भूक त्याहून प्रचंड आहे. भारतांतील दूरदर्शनाच्या पद्धतीप्रमाणें डीव्हीडीच्या चित्रांत प्रत्येक ओळींत ७२० बिंदु, अशा ५७६ ओळी, आणि सेकंदाला २५ चित्रें असतात. प्रत्येक बिंदूस दोन बाइट धरले तरी सेकंदाला दोन कोटींहून अधिक बाइट खर्चीं पडतात. या हिशेबानें सगळी तबकडी चार मिनिटांच्या आंतच भरून जाईल! मग तिच्यावर दोन तासांचा चित्रपट मावतो कसा? एकापाठोपाठच्या चित्रांत बहुतेक भाग तोच असतो. वधूवर बोहल्यावर उभीं असतात, मागची भिंत हलत नाहीं. हलतात त्या अक्षता व अंतरपाट. तेव्हां एक चित्र पूर्ण लिहावें आणि पुढच्या दहा-बारा चित्रांत पालटलें तेवढेंच टिपून ठेवावें, म्हणजे जागा वांचते. हें चित्रसंक्षेपाचें शास्त्र ‘एमपेग’ या मंडळानें घडविलें. हें मंडळ १९८८ सालीं स्थापन झालें. त्याच्या दुसऱ्या नियमावलीवर, ‘एमपेग-२’ वर, सारी डीव्हीडी उभी आहे. संक्षेप बेताचा केला तर एक तासाचें उत्तम चित्र मावतें. अधिक आवळला तर दोन तासांचें चांगलें चित्र मावतें. त्याहून आवळला तर नाचणाऱ्या वऱ्हाड्यांच्या चेहऱ्यांवर चौकोनी ठिगळें दिसूं लागतात.

चित्रपटाची तबकडी निघते ती अशी. प्रथम गुळगुळीत कांचेच्या चकतीवर प्रकाशानें सूक्ष्म आकृति उमटवितात. तिच्यावरून निकेल धातूचा सांचा घेतात. त्या सांच्यांत वितळलेलें पॉलिकार्बोनेट दाबून प्रत्येक तबकडी पाडतात आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचा आरसा चढवितात. पहिल्या सांच्याचा खर्च भारी. पण तो एकदां झाला कीं हजारों प्रति अल्प मोलांत निघतात. जेथें हजारों प्रति खपावयाच्या तेथेंच ही रीत परवडते. घरच्या लग्नाला चार प्रति पुरतात, शाळेच्या स्नेहसंमेलनाला पन्नास. अशांना कांचेचा सांचा काय उपयोगाचा?

त्यांना हवी ती लेखणी पायोनियर कंपनीनें १९९७ सालीं पुढें आणली. परंतु तिचें मोल सुमारें सतरा हजार डॉलर होतें, आणि तिच्या तबकडीवर ३.९५ गिगाबाइटच मावत. मोठमोठ्या चित्रसंस्थांनीं कारखान्याकडे काम धाडण्यापूर्वीं तपासणीची प्रत काढावी, एवढाच तिचा तूर्त उपयोग होता. पुढें क्षमता ४.७ वर गेली आणि किंमत उतरूं लागली, तसें चित्रपट-व्यावसायिकांच्या मनांत भय उत्पन्न झालें. लेखणी सर्वांच्या हातीं गेली तर चित्रपटांच्या नकला घरोघर होतील, ही शंका निराधार नव्हती. म्हणून २००० सालीं कोऱ्या तबकड्यांच्या दोन जाती केल्या : एक व्यावसायिकांची व दुसरी सामान्यांची. दोहोंवर लिहिणाऱ्या किरणांची तरंगलांबीच निराळी ठेवली. पहिलीची ६३५ नॅनोमीटर, दुसरीची ६५० नॅनोमीटर. विकत घेतलेल्या चित्रपटावर गुप्त लिपीचें कुलूप असतें. सामान्यांच्या कोऱ्या तबकडींत त्या कुलपाची किल्ली लिहून ठेवण्याची जागाच आधीं निकामी केलेली असे.

कुलूप मात्र टिकलें नाहीं. १९९९ च्या ऑक्टोबरांत तें उघडणारें एक छोटें सॉफ्टवेअर प्रसिद्ध झालें. त्यांत हात असलेला नॉर्वेचा यॉन लेक योहान्सन त्या वेळीं पंधरा वर्षांचा होता. त्याच्यावर खटला झाला. परंतु आपण विकत घेतलेली तबकडी आपल्याच संगणकावर पाहण्यासाठीं कुलूप उघडणें हा गुन्हा नव्हे, असें म्हणून ऑस्लोच्या न्यायालयानें २००३ च्या जानेवारींत त्याला निर्दोष सोडलें, आणि वरिष्ठ न्यायालयानें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तो निर्णय कायम केला. दुसऱ्याची कृति चोरणें निराळें आणि स्वतःच्या घरचा प्रसंग लिहून ठेवणें निराळें. पण लेखणीला भिणाऱ्यांना हा विवेक नेहमींच राहत नाहीं.

लेखणी घरांत यावयाची तर तिला दोन सोबती हवे होते : चित्रण संगणकांत आणणारें साधन आणि त्याचें संकलन करणारें सॉफ्टवेअर. फितीवरून फितीवर चित्र उतरवून संकलन करण्याच्या जुन्या रीतींत प्रत्येक उतरणीला चित्र फिकें पडे. नकलेची नक्कल तर ओळखूंहि येत नसे. १९९५ सालीं डीव्ही जातीचे कॅमेरे निघाले. त्यांच्या फितीवर चित्र आंकड्यांच्या रूपानें उमटे, आणि फायरवायर नांवाच्या एका तारेनें तें जसेंच्या तसें संगणकांत जाई. आंकडे उतरवून घेतांना फिके पडत नाहींत. मात्र एक तासाच्या चित्रणाला संगणकांत सुमारें तेरा गिगाबाइट जागा लागे, आणि तें उतरवून घेण्यास पुरता एक तास लागे.

१९९९ च्या ऑक्टोबरांत ॲपल कंपनीनें ‘आयमूव्ही’ हें संकलनाचें सॉफ्टवेअर आपल्या संगणकाबरोबर दिलें. दुसऱ्या वर्षीं डीव्हीडी-रचनेचें सॉफ्टवेअर करणारी आस्तार्ते ही जर्मन कंपनी तिनें विकत घेतली, आणि ९ जानेवारी २००१ रोजीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें ‘आयडीव्हीडी’ व तबकडी लिहिणारें यंत्र बसविलेला संगणक जाहीर केला. चार वर्षांपूर्वीं नुसत्या लेखणीला सतरा हजार डॉलर पडत. येथें संगणक, लेखणी व सॉफ्टवेअर मिळून साडेतीन हजारांत आलें. एका तासाच्या चित्राच्या संक्षेपाला जेथें पंचवीस तास लागत तेथें आतां दोनच तास पुरतील, असा कंपनीचा दावा होता. कोरी तबकडी सुमारें दहा डॉलरांस पडे. तीहि पुढें कांहीं वर्षांतच वीस-पंचवीस रुपयांना आपल्या गल्लींतील दुकानांत मिळूं लागली. विंडोजच्या संगणकांवर नीरो, यूलीड इत्यादि सॉफ्टवेअरांनीं हेंच काम केलें. मायक्रोसॉफ्टनें २००७ च्या व्हिस्टाबरोबर आपलें डीव्हीडी-सॉफ्टवेअर दिलें.

कोऱ्या तबकड्यांतहि भांडण होतेंच. डीव्हीडीच्या नांवापुढें वजाचें चिन्ह लावणारा एक पक्ष आणि अधिकाचें चिन्ह लावणारा दुसरा. एकाची तबकडी दुसऱ्याच्या लेखणीला चालेना. सोनीनें २००२ च्या अखेरीस दोन्ही लिहिणारें यंत्र आणलें, पुढें सर्वांनींच तें अनुकरिलें, आणि वाद आपोआप मिटला.

या सॉफ्टवेअरांनीं काम पायरीपायरीनें होई. प्रथम कॅमेऱ्यांतून चित्रण उतरवून घ्यावयाचें. मग नको तें कापून, हवें तें जोडून, त्यावर सनईचे सूर व नांवें बसवावयाचीं. महाराष्ट्रांतील स्टुडिओवाले या सगळ्या कामाला ‘मिक्सिंग’ म्हणतात. त्यानंतर प्रकरणें पाडावयाचीं : सीमंतपूजन, मंगलाष्टकें, सप्तपदी, वरात. एका चित्रणाला नव्व्याण्णव प्रकरणें पाडतां येतात. नंतर आरंभीचा पट सजवावयाचा, ज्यावरील बटण दाबतांच हवें तें प्रकरण सुरू होतें. कॅसेट पुढें-मागें फिरवीत बसण्याचा त्रास यानें संपला. आजीला नातवाची मुंज पाहतांना थेट मातृभोजनावर जातां येऊं लागलें. मग संक्षेप, आणि शेवटीं लेखन. सर्वांत मंद वेगानें सबंध तबकडी लिहिण्यास तासाला थोडें कमी लागे. पुढें वेग सोळापट झाला, तेव्हां तें काम पांच-सहा मिनिटांत होऊं लागलें.

लेखन एकदां सुरू झालें कीं पूर्वीं मध्यें थांबतां येत नसे. संगणकाकडून पुरवठा क्षणभर तुटला कीं तबकडी वायां जाई, म्हणून यंत्राचें काम चाललें असतां संगणकाला कोणी हात लावीत नसे. वीज गेली तर सारेंच संपलें. पुरवठा तुटल्यास किरण तेथेंच थांबवून पुन्हां नेमकें त्याच बिंदूपासून लिहिण्याची युक्ति सान्यो कंपनीनें २००० सालीं सीडी-लेखनासाठीं आणली, आणि डीव्हीडीच्या यंत्रांनींहि पुढें तिचा अंगीकार केला.

भारताचा या इतिहासांतील वाटा केवळ ग्राहकाचा नव्हता. १९८३ सालीं स्थापन झालेल्या मोझर बेअर इंडिया या कंपनीचा नोएडा येथील कारखाना कोऱ्या तबकड्या बनविणाऱ्या जगांतील मोठ्या कारखान्यांत गणला जाई. २००७ च्या सुमारास या कंपनीनें चित्रपटांच्या डीव्हीडी चौतीस रुपयांस विकून बाजारांत खळबळ उडविली. अशा काळीं गांवोगांवच्या फोटो-स्टुडिओंत तबकडी लिहिणारीं यंत्रें आलीं. लग्न, मुंज, कीर्तन, हौशी मंडळींचे नाट्यप्रयोग, सारें तबकडीवर उतरूं लागलें. ज्यांच्यासाठीं कोणताहि कारखाना सांचा पाडणार नव्हता, अशा असंख्य प्रसंगांना व माणसांना या लेखणीनें प्रथमच डीव्हीडीचें रूप दिलें. परदेशीं गेलेल्या मराठी माणसांना मात्र एक अडचण येई. पुण्याहून अमेरिकेंत मुलीकडे पाठविलेली तबकडी तेथील पुष्कळशा यंत्रांत चालत नसे. कारण भारतांत २५ चित्रांची पद्धति, तर तिकडे सुमारें ३० चित्रांची व ४८० ओळींची. मग लेक-जांवई संगणकावरच सोहळा पाहत.

उत्कर्षाचा काळ अल्प ठरला. २००५ सालीं यूट्यूब निघालें, २००६ सालीं अधिक क्षमतेची ब्लू-रे तबकडी आली, आणि २००८ सालीं ॲपलनें तबकडीचें यंत्रच नसलेला संगणक बाजारांत आणला. ज्या ‘आयडीव्हीडी’नें घरोघर लेखणी पोंचविली, तें २०११ पासून नव्या संगणकांबरोबर मिळेनासें झालें. २०१२ च्या विंडोज-८ मध्यें मायक्रोसॉफ्टचें सॉफ्टवेअरहि उरलें नाहीं. ताइयो युदेननें २०१५ सालीं हा धंदा सोडला. मोझर बेअरचें दिवाळें निघून २०१८ सालीं तिची मालमत्ता विकण्याचा हुकूम झाला. अमेरिकेंत १९९८ पासून टपालानें डीव्हीडी पुरविणाऱ्या नेटफ्लिक्सनें २०२३ च्या सप्टेंबरांत शेवटची तबकडी धाडली.

तंत्रें येतात व जातात, त्याबद्दल शोक करण्याचें कारण नाहीं. येथें प्रश्न निराळा आहे. टांकसाळींतल्या तबकडीच्या खांचा प्लास्टिकांत प्रत्यक्ष उमटलेल्या असतात. घरच्या तबकडीवर आहे तो रंगाचा डाग. रंग उन्हानें, उष्णतेनें व दमट हवेनें विटतो, आणि त्याच्यामागील चंदेरी थरहि गंजतो. चित्रपटाची तबकडी बिघडली तर त्याच चित्रपटाची दुसरी मिळेल. घरच्या लग्नाची दुसरी कोठून मिळणार? त्यांत दिसणारे कितीतरी वृद्ध आज हयात नाहींत, आणि त्यांचा आवाज बहुधा त्या एका तबकडींतच उरला आहे. चंदेरी थराच्या लेखी डीव्हीडीचें आयुष्य कॅनडांतील जतनशास्त्राच्या सरकारी संस्थेनें साधारणतः दहा ते वीस वर्षें धरलें आहे. २००५ ते २०१० या वर्षांत लिहिलेल्या तबकड्यांची ही मुदत आज भरत आली आहे किंवा उलटून गेली आहे. शिवाय नव्या संगणकांत त्या वाचण्याचें यंत्रच नसतें. म्हणजे पोथी टिकली तरी वाचणारा मिळेल याची शाश्वति नाहीं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मापन-संस्थेनें २००३ सालीं या तबकड्यांच्या निगेविषयीं एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तबकडी कडेनें धरावी, तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावूं नये, थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागीं डबींत उभी ठेवावी, असा तिचा उपदेश आहे. कोंकणच्या पावसाळ्यांत हें सारें पाळणें सोपें नाहीं, आणि पाळलें तरी त्यानें क्षय थांबत नाहीं, लांबतो. खरा उपाय एकच, आणि तो जुन्या पोथ्यांच्या जतनाहून निराळा नाहीं : वाचतां येतें आहे तोंच प्रत करून ठेवावी. तबकडी वाचणारें छोटें यंत्र संगणकाला बाहेरून जोडतां येतें. तबकडींत ‘व्हिडिओ टीएस’ या नांवाचा एक कप्पा असतो. तो सबंध उतरवून घेतला कीं चित्र, ध्वनि, प्रकरणें सारें येतें, आणि आंकड्यांची नक्कल असल्यामुळें तिळमात्र फिकें पडत नाहीं. अशा दोन प्रति दोन निराळ्या ठिकाणीं असाव्यात, आणि दर कांहीं वर्षांनीं त्या नव्या साधनावर उतरवाव्या.

डीव्हीडीच्या रचनाकारांनाहि हें ठाऊक होतें. त्या कप्प्यांत चित्रांची सूची असते आणि त्या सूचीचीच दुसरी प्रत जवळ ठेवलेली असते, कारण सूची गेली तर चित्र असूनहि हातीं लागत नाहीं. यंत्र घडविणाऱ्यांनीं आपल्या मोजक्या जागेंतहि दुसऱ्या प्रतीला स्थान दिलें. कपाटांतील त्या तबकडीची दुसरी प्रत काढणें हें काम त्यांनीं घरच्या माणसांकडे सोपविलें आहे, आणि तें करण्यास लागणारा वेळ अर्ध्या तासाहून अधिक नाहीं.